नगरींचा हुंडा

वरपक्षाच्या दारी मुलीच्या बापाने किती जोडे झिजवावेत, याला एके काळी आपल्या समाजात सीमा नव्हती. स्थळ चांगले आहे असे नुसते कानावर आले की बाप पागोटे सावरीत उठे. हुंड्याची बोली होई, मानपानाची यादी होई, आणि या धावपळीत आपली मुलगीही काही गुणांची आहे याचा खुद्द बापालाच विसर पडे. हुंडा देणे व घेणे १९६१ च्या कायद्याने या देशात गुन्हा ठरले. परंतु तीच प्रथा जगातील अत्यंत धनाढ्य राष्ट्रात, भर एकविसाव्या शतकात, मोठमोठ्या नगरींनी आणि राज्यांनी उजळ माथ्याने पाळली. तिला तेथे हुंडा म्हणत नाहीत. तिला ‘प्रोत्साहन’ असे गोंडस नाव आहे. या लग्नाचा मांडव उठून आता काही वर्षे लोटली आहेत, वाजंत्री थांबली आहेत आणि धूळही खाली बसली आहे. तेव्हा कोणी काय दिले आणि कोणाच्या पदरी काय पडले, याचा शांतपणे हिशेब मांडण्यास ही वेळ योग्य आहे. हा हिशेब परक्यांचा असला तरी त्यातील शहाणपण आपल्या उपयोगाचे आहे.

७ सप्टेंबर २०१७ रोजी अ‍ॅमेझॉन या कंपनीने जाहीर केले की, सिएटल येथील आपल्या मुख्यालयाच्या तोडीचे दुसरे मुख्यालय तिला उत्तर अमेरिकेत उभारावयाचे आहे. सिएटलमध्ये तिच्या तेव्हा ३३ इमारती होत्या आणि ४० हजारांहून अधिक माणसे तेथे काम करीत होती. नव्या मुख्यालयावर पाच अब्ज डॉलर खर्च होतील, कालांतराने ५० हजारांपर्यंत नोकऱ्या निर्माण होतील आणि सरासरी वार्षिक वेतन एक लाख डॉलरांहून अधिक असेल, असे आमिष होते. अटीही होत्या. दहा लाखांवर लोकवस्तीचा महानगरीय परिसर हवा, पाऊण तासाच्या अंतरावर आंतरराष्ट्रीय विमानतळ हवा, सार्वजनिक वाहतूक दारापर्यंत हवी, बुद्धिमान तंत्रज्ञ मिळण्याची शाश्वती हवी आणि पुढेमागे ८० लाख चौरस फुटांपर्यंत विस्तारास वाव हवा. येथवर तक्रारीस जागा नाही. वराने आपल्या अपेक्षा सांगाव्यात, हे रीतीला धरूनच आहे. पण त्या पत्रकात आणखी एक विचारणा होती: तुम्ही आम्हांला काय द्याल? करसवलत, जमीन, रोख अनुदान, जे काही असेल ते लेखी कळवा. मुदत होती १९ ऑक्टोबरपर्यंतची, म्हणजे अवघ्या सहा आठवड्यांची!

त्या सहा आठवड्यांत जे घडले ते पाहून हसावे की रडावे हे कळेनासे होते. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको या तीन देशांतून २३८ प्रस्ताव आले. ॲरिझोनातील टूसॉन नगरीच्या बाजूने एकवीस फूट उंचीचा निवडुंग सिएटलला रवाना झाला. कंपनीने तो परत एका संग्रहालयाला देऊन टाकला. बर्मिंगहॅम नगरीने आपल्या चौकांत अ‍ॅमेझॉनच्या खोक्यांच्या अवाढव्य प्रतिकृती उभारल्या. कॅन्सस सिटीचे महापौर स्लाय जेम्स यांनी कंपनीकडून एक हजार वस्तू मागविल्या आणि प्रत्येकीवर स्तुतिपर अभिप्राय लिहून पाचपैकी पाच तारे दिले. न्यूयॉर्कने एम्पायर स्टेट इमारत कंपनीच्या नारिंगी रंगात उजळून काढली. जॉर्जियातील स्टोनक्रेस्ट या छोट्या नगरीने तर कमाल केली. आपली ३४५ एकर जमीन तोडून देऊ आणि त्या नव्या गावाचे नावच ‘अ‍ॅमेझॉन’ ठेवू, असा तिचा प्रस्ताव होता. सासरी गेल्यावर मुलीचे नाव बदलण्याची रीत आपल्याकडे होती, पण लग्न ठरण्यापूर्वीच नाव बदलण्याची तयारी दाखविणारी वधू आमच्या तरी ऐकिवात नाही.

ही झाली थट्टेची बाजू. गंभीर बाजू होती ती पैशाची. न्यू जर्सी राज्य आणि त्यातील न्यूअर्क नगरी यांनी मिळून सात अब्ज डॉलरांच्या सवलती पुढे केल्या. मेरीलँड राज्याने माँटगोमेरी परगण्यासाठी रस्ते व वाहतुकीच्या कामांसह साडेआठ अब्ज डॉलरांचे ताट वाढले. शिकागोसाठीच्या प्रस्तावात अशी योजना होती की, कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापल्या जाणाऱ्या प्राप्तिकराएवढी सूट कंपनीला मिळावी, आणि तिची रक्कम १.३२ अब्ज डॉलरांच्या घरात जात होती. म्हणजे कर भरणार नोकरदार आणि त्याचा लाभ घेणार मालक! कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नो नगरी म्हणाली की, कंपनीकडून येणाऱ्या करातील ८५ टक्के रक्कम आम्ही शंभर वर्षे वेगळ्या निधीत ठेवू आणि ती कशी खर्चावी हे ठरविणाऱ्या मंडळात कंपनीचे अधिकारी बसतील. कर म्हणजे नागरिकाने राज्यसंस्थेला दिलेला वाटा. तो कोठे खर्चावा हे लोकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींनी ठरवावे, एवढ्या एका तत्त्वासाठी याच अमेरिकेने अठराव्या शतकात इंग्रजांशी युद्ध केले होते. ते तत्त्व तिच्या एका नगरीने टपालाने पाठवून दिले.

आणि हे सारे चालले होते गुप्तपणे. अनेक नगरींनी आपले प्रस्ताव प्रसिद्ध करण्यास नकार दिला, अनेकांनी गोप्यतेच्या करारांवर सह्या केल्या. ज्याच्या खिशातून पैसा जावयाचा त्या करदात्याला बोलीची रक्कम ठाऊक नाही आणि ज्याच्या खिशात तो जावयाचा त्याच्या टेबलावर मात्र २३८ जणांचे पत्ते उघडे पडलेले! कोणत्या नगरीत मोकळी जमीन किती, तिच्या महाविद्यालयांतून तंत्रज्ञ किती बाहेर पडतात, तिचे राज्यकर्ते किती वाकावयास तयार आहेत, ही सारी माहिती एका खाजगी व्यापाऱ्याला घरबसल्या फुकट मिळाली. आमच्या मते या प्रकरणातील सर्वांत मोठा दोष सवलतींचा नव्हे, या अंधाराचा आहे. सवलत चूक की बरोबर यावर वाद होऊ शकेल. लोकांचा पैसा लोकांपासून लपवून कबूल करणे यावर वाद होऊच शकत नाही.

मान ताठ ठेवणारे अगदीच नव्हते असे नाही. टेक्सासमधील सॅन अँटोनियो नगरीने या बोलीत आपण उतरणार नाही असे कंपनीला पत्र लिहून कळविले. आर्कान्सामधील लिटल रॉक नगरीने वॉशिंग्टनच्या वृत्तपत्रात जाहिरात देऊन, प्रियकराला निरोप द्यावा तशा खेळकर शब्दांत, आपला नकार जाहीर केला. पण असे मानधन मोजके. बाकीच्यांची अवस्था ‘अडला हरी’ अशी होती.

१८ जानेवारी २०१८ रोजी वीस नगरींची यादी निघाली आणि १३ नोव्हेंबर २०१८ रोजी निकाल लागला. निकाल असा की, मुख्यालय एक नव्हे, दोन! निम्मे न्यूयॉर्कच्या क्वीन्स विभागातील लाँग आयलंड सिटीला आणि निम्मे राष्ट्राच्या राजधानीला खेटून असलेल्या व्हर्जिनिया राज्यातील आर्लिंग्टनला. प्रत्येकी २५ हजार नोकऱ्या. नॅशव्हिल नगरीला पाच हजार नोकऱ्यांचे एक केंद्र उत्तेजनार्थ. देशाची आर्थिक राजधानी आणि राजकीय राजधानी या दोन जागा शोधण्यासाठी चौदा महिने संशोधन करावे लागले!

आता या निकालातील एक मर्म वाचकांनी नीट लक्षात घ्यावे. न्यू जर्सी हे न्यूयॉर्कच्या समोर, हडसन नदीच्या पलीकडे. मेरीलँडचा माँटगोमेरी परगणा हा व्हर्जिनियाच्या समोर, पोटोमॅक नदीच्या पलीकडे. सात अब्जांची बोली करणारा हरला आणि साडेआठ अब्जांची बोली करणाराही हरला. त्यांच्या शेजाऱ्यांनी कितीतरी कमी दिले. न्यूयॉर्कचा आकडा राज्य व नगर मिळून सुमारे तीन अब्जांचा होता, आणि व्हर्जिनियाने थेट दिलेला तर ५७.३ कोटी डॉलरांचाच. दर नोकरीमागे न्यूयॉर्क राज्य ४८ हजार डॉलरांची करसूट देणार होते, व्हर्जिनिया २२ हजार डॉलर रोख. म्हणजे वराने हुंडा विचारला सर्वांना, पण पाहिले ते घराणे, शिक्षण आणि गावातील वस्ती. टिमोथी बार्टिक या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने २०१८ साली अनेक अभ्यासांचा आढावा घेऊन असा निष्कर्ष काढला की, शंभर उद्योगांना सवलती दिल्या तर त्यांतील दोन ते फार तर पंचवीस उद्योगांचाच निर्णय त्या सवलतीमुळे फिरतो. बाकीचे तसेही तेथेच आले असते. त्यांना दिलेला पैसा म्हणजे चालून येणाऱ्या पाहुण्याला पाठविलेले गाडीभाडे.

न्यूयॉर्कमध्ये मात्र वरात वेशीवरूनच परत फिरली. गव्हर्नर अँड्र्यू क्युओमो यांनी पूर्वी विनोदाने म्हटले होते की, वेळ पडल्यास आपण आपले नाव ‘अ‍ॅमेझॉन क्युओमो’ असे ठेवू. त्यांना आणि महापौर बिल डी ब्लाझिओ यांना वाटले होते की नगरी दिवाळी साजरी करील. पण क्वीन्सच्या रस्त्यांवर निदर्शने झाली. हा करार नगरपरिषदेला डावलून, राज्याच्या अधिकारातून झाला होता. त्यात कंपनीच्या हेलिकॉप्टरसाठी तळ मिळवून देण्याचेही आश्वासन होते, आणि त्या जागेच्या जवळच क्वीन्सब्रिज ही अमेरिकेतील सर्वांत मोठी सार्वजनिक गृहवसाहत आपल्या गळक्या नळांसह उभी होती. राज्याचे सिनेटर मायकेल जिअनारिस आणि नव्याने निवडून आलेल्या काँग्रेस सदस्या अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ यांनी विरोधाचा आवाज उठविला. कामगारांनी संघटना बांधू लागल्यास कंपनी तटस्थ राहील काय, असा प्रश्न नगरपरिषदेच्या सुनावणीत विचारला गेला आणि उत्तर नकारार्थी आले. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी कंपनीने न्यूयॉर्कचा बेत रद्द केला.

हा लोकशक्तीचा विजय होता असे म्हणून टाळ्या पिटणे सोपे आहे. आम्ही ते करणार नाही. त्या महिन्यातील लोकमताच्या चाचणीत राज्यातील बहुसंख्य लोक कराराच्या बाजूचे होते. पंचवीस हजार नोकऱ्या ही काही फेकून देण्याची गोष्ट नव्हे. शिवाय ‘तीन अब्ज वाचले, आता ते शाळांना द्या’ असे म्हणणारे जे होते त्यांचाही हिशेब चुकत होता. त्यांतील फार मोठा भाग तिजोरीत पडून असलेला पैसा नव्हता. कंपनीने नोकऱ्या दिल्या असत्या, तिच्यामुळे कर आला असता, तर त्या येणाऱ्या करातून दिली जाणारी ती सूट होती. कंपनी न आल्यावर सूटही नाही आणि करही नाही. रागाच्या भरात अंकगणित विसरणे हा लोकनेत्यांचा जुना रोग आहे. पण दुसऱ्या बाजूचे अंकगणितही तपासले पाहिजे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात याच कंपनीने न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन विभागात दीड हजार माणसांसाठी कार्यालय भाड्याने घेतले आणि पुढे २०२० साली तेथील एक जुनी प्रसिद्ध इमारत विकत घेऊन आणखी दोन हजार जागांची घोषणा केली. पहिल्या कार्यालयासाठी तर खास सवलतींचा एक छदामही तिने मागितला नाही. पंचवीस हजारांपुढे हा आकडा लहान खरा, परंतु न्यूयॉर्कच्या बाजारपेठेची आणि बुद्धीची गरज कंपनीला होती, हे त्यातून सिद्ध झाले. अशा नगरीने मान खाली घालून बोलणी करण्याचे कारणच नव्हते.

आणि हुंडा देऊन आणलेला जावई घरात टिकतो असे तरी कोठे आहे? बोइंग या विमाने बनविणाऱ्या कंपनीने २००१ साली आपले मुख्यालय सिएटलहून हलविले. डेन्व्हर, डॅलस आणि शिकागो यांच्यात चुरस लागली, शिकागोने वीस वर्षांच्या सवलती देऊन बाजी मारली. सवलतींची ती मुदत सरत आली आणि २०२२ च्या मे महिन्यात कंपनीने मुख्यालय आर्लिंग्टनला नेत असल्याचे जाहीर केले. विस्कॉन्सिन राज्याची गोष्ट याहून करुण आहे. फॉक्सकॉन या तैवानी कंपनीने २०१७ साली तेथे दहा अब्ज डॉलर आणि १३ हजार नोकऱ्यांचे वचन दिले, राज्याने सुमारे तीन अब्जांच्या सवलती कबूल केल्या, माउंट प्लेझंट नावाच्या गावाने कर्ज काढून जमिनी घेतल्या आणि लोकांची घरे पाडली. २०२१ साली नवा करार झाला तेव्हा वचन उरले होते ६७.२ कोटी डॉलरांचे आणि १,४५४ नोकऱ्यांचे. राज्याने सवलतीही त्या मानाने आठ कोटींवर आणल्या हे शहाणपण, पण पाडलेली घरे कोणत्या कराराने उभी राहणार?

सिएटलचीही कथा येथे सांगितली पाहिजे, कारण या स्पर्धेची खरी किंमत तेथे दिसते. बेघर लोकांसाठी निवारे बांधता यावेत म्हणून त्या नगरीच्या परिषदेने मे २०१८ मध्ये मोठ्या कंपन्यांवर दर कर्मचाऱ्यामागे वार्षिक २७५ डॉलरांचा कर एकमताने बसविला. तो येणार असे दिसताच अ‍ॅमेझॉनने आपल्या एका नव्या इमारतीचे काम थांबविले होते. एका महिन्याच्या आत, १२ जून रोजी, त्याच परिषदेने तो कर मागे घेतला. ज्या कंपनीला दुसरे घर मिळणार आहे ती पहिल्या घरातील माणसांनाही दरडावू शकते. तो कर शहाणपणाचा होता की नव्हता हा प्रश्न निराळा. निवडून आलेल्या सभेने एकमताने केलेला निर्णय चार आठवड्यांत गिळावा लागणे, हे कोणत्याही नगरीला भूषणावह नाही.

तथापि या सर्व कथेत अनुकरणीय असे काहीच नाही काय? आहे, आणि ते व्हर्जिनियात आहे. त्या राज्याच्या प्रस्तावाचा कणा रोख रकमेचा नव्हता, शिक्षणाचा होता. संगणकशास्त्राच्या पदवीधरांची संख्या पुढील वीस वर्षांत हजारोंनी वाढविण्याचा कार्यक्रम राज्याने हाती घेतला आणि व्हर्जिनिया टेक या विद्यापीठाने अलेक्झांड्रियात एक अब्ज डॉलरांचे नवे संकुल योजिले. आर्लिंग्टनमधील कंपनीच्या पहिल्या दोन इमारती जून २०२३ मध्ये सुरू झाल्या, पण त्याच वर्षी मार्चमध्ये दुसऱ्या टप्प्याचे बांधकाम कंपनीने लांबणीवर टाकले होते. म्हणजे वराने येथेही थोडे हात आखडलेच. परंतु विद्यापीठ उभे राहिले, आणि त्यातून बाहेर पडणारी मुले कोणत्याही कंपनीत जाऊ शकतात. हुंडा आणि गुंतवणूक यांतील भेद ओळखण्याची कसोटी हीच: कंपनी उद्या निघून गेली तर गावात काय उरते? जे उरते ती गुंतवणूक. जे तिच्याबरोबर जाते तो हुंडा.

आपल्याकडेही हा बाजार नवा नाही. तळेगावला येणार म्हणून गाजलेल्या वेदान्त-फॉक्सकॉन प्रकल्पाचा करार सप्टेंबर २०२२ मध्ये गुजरातशी झाला. १ लाख ५४ हजार कोटी रुपयांचा तो आकडा ऐकून महाराष्ट्रात केवढा गदारोळ उठला होता! कोणाच्या काळात प्रकल्प गेला यावर सत्ताधारी आणि विरोधक एकमेकांवर तुटून पडले. दहा महिन्यांनी, जुलै २०२३ मध्ये, फॉक्सकॉन त्या भागीदारीतून बाहेर पडली. जे आलेच नव्हते ते गेले म्हणून आपण रडलो आणि ज्यांना मिळाले म्हणून ते हसले, त्यांच्याही हाती तेव्हा धुपाटणेच उरले. या सबंध गदारोळात सवलती किती, अटी कोणत्या आणि नोकऱ्या न आल्यास वसुली कशी, हे मोजके प्रश्न विचारणारे आवाज किती क्षीण होते हे आठवावे.

सवलत हा शब्दच त्याज्य आहे असे आमचे म्हणणे नाही. महाराष्ट्राने १९६४ साली उद्योगांना प्रोत्साहनाची सामूहिक योजना सुरू केली ती मुंबई, ठाणे आणि पुणे यांच्या पट्ट्यात दाटलेले कारखाने मागासलेल्या भागांकडे वळावेत म्हणून. ज्या जिल्ह्याकडे उद्योगाचे पाऊल आपण होऊन वळत नाही तेथे वाट सुकर करून देणे हे राज्याचे कर्तव्यच आहे. परंतु श्रीमंत नगरींनी श्रीमंत कंपनीसाठी आपसांत बोली करणे ही त्या योजनेच्या नेमकी उलटी गोष्ट. ही चढाओढ थांबविता येत नाही असेही नाही. युरोपीय संघाच्या मूळ कराराचे १०७ वे कलम स्पर्धा बिघडविणाऱ्या सरकारी साहाय्याला मुळातच मज्जाव करते. अमेरिकेत कॅन्सस आणि मिसुरी ही दोन राज्ये एकाच महानगराच्या दोन बाजूंना बसून एकमेकांच्या कंपन्या पळवीत होती. २०१९ साली एकाने कायदा केला, दुसऱ्याच्या गव्हर्नरने आदेश काढला आणि त्या सीमेवर तह झाला. आपल्या देशातही राज्याराज्यांतील विक्रीकराच्या सवलतींचे युद्ध आटोक्यात आणण्यासाठी नोव्हेंबर १९९९ मध्ये सर्व राज्यांनी एकत्र बसून किमान दर ठरविले आणि १ जानेवारी २००० पासून त्या सवलती बंद करण्याचे मान्य केले. त्या संकल्पाला पुढे पळवाटा फुटल्या हे खरे. पण एकदा जे ठरविता आले ते पुन्हा ठरविता येणार नाही असे का मानावे? निदान प्रत्येक कराराचा मसुदा सहीपूर्वी विधिमंडळापुढे यावा आणि वचनभंगानंतर वसुलीची अट त्यात असावी, एवढे तरी आजच होऊ शकते.

या मुंबईचे उदाहरण आम्हांला शेवटी आठवते. सतराव्या शतकात जेराल्ड ऑंजियरने या बेटांवर व्यापाऱ्यांना बोलाविले ते न्यायाची हमी आणि स्वधर्माने वागण्याची मोकळीक देऊन. पुढे १८५३ साली आगगाडी आली, १८५७ साली विद्यापीठ आले, १८७५ साली शेअर बाजार आला, आणि बंदर तर निसर्गानेच दिलेले. पेढ्या आणि कंपन्या या नगरीत आल्या त्या या सर्वांच्या ओढीने. आज त्या येथून जाऊ लागल्या अशी ओरड जेव्हा होते, तेव्हा शेजाऱ्याने हुंडा किती दिला याची चौकशी आपण आधी करतो. त्याऐवजी आपल्या लोकलगाडीत माणूस उभा राहू शकतो का, पगारदाराला येथे दोन खोल्या घेता येतात का, पावसाळ्यात रस्ते रस्ते राहतात का आणि आपल्या विद्यापीठाचे निकाल वेळेवर लागतात का, हे प्रश्न आधी विचारावेत. गुणी मुलीच्या बापाला दारोदार हिंडावे लागत नाही. मुलीला शिकवावे, सुदृढ करावे आणि दार उघडे ठेवून स्वस्थ बसावे. स्थळे चालत येतील. आणि एखादे स्थळ हुंड्यासाठी अडून बसलेच, तर त्याला चहा देऊन वाटेला लावण्याइतके पाणी या नगरीच्या अंगी अजून आहे, असा आमचा विश्वास आहे.